दिव्यावरचा वेडा

"फाटका हवाय," मॅनेजर म्हणाला. "म्हणजे नवा शिवा, आणि मग फाडा."

टेलरबाईने मशीनवरचा पाय उचलला. तीस वर्षं ती ह्या दुकानात बसत होती. लोक फाटकं घेऊन यायचे आणि नव्यासारखं करून मागायचे. उलट्या डोक्याचं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा उभं होतं.

"कोट फाडायला माझ्याकडे कशाला? कुत्र्यापुढे टाका."

मॅनेजर हसला. माणूस तसा वाईट नव्हता. पस्तिशीचा, सतत घाम पुसणारा, सतत घाईत. गावाबाहेरचं जुनं लाइटहाऊस दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने चालवायला घेतलं होतं, त्याचा हा सर्वेसर्वा. तिकीट खिडकी, रंगरंगोटी, वरच्या मजल्यावर एसी, सगळं ह्याचंच डोकं. खरा दिवा आता शेजारच्या लोखंडी खांबावर होता, बादलीएवढा, आपोआप लागायचा, आपोआप विझायचा. त्याचा फोटो कोणी काढत नव्हतं. फोटो जुन्याचे. जुन्याचे कप, जुन्याच्या किल्लीच्या साखळ्या, जुन्याच्या आकाराची खोडरबरं.

"रोज संध्याकाळी पाचला आमचा खेळ असतो," मॅनेजर म्हणाला. "आमच्या नटाचा सध्याचा कोट बँडवाल्यासारखा दिसतो, लोक हसतात. आपल्याला हसवायचं नाहीये, टरकवायचंय. जुन्या दिवेवाल्यांचा असायचा तसा पाहिजे. काळा, बंद गळ्याचा."

"खेळ कसला?"

"वेडा दिवेवाला! अहो, गावात राहता आणि माहीत नाही? पन्नासेक वर्षांपूर्वी इथे एक दिवेवाला होता. एकटा जीव. बायको नाही, पोर नाही. नुसता समुद्र आणि तो. एकटेपणाने डोकं फिरलं. वर गॅलरीत उघडानागडा पळायचा, ओरडायचा. एकदा वादळात त्याने दिवाच विझवला आणि जहाज खडकावर आपटलं."

"कुठलं जहाज?"

"असेल की एखादं." मॅनेजरने घाम पुसला. "मॅडम, जहाजाचं नाव कोण विचारतंय?"

टेलरबाईच्या हातात कात्री होती. तिने ती अगदी हळू टेबलावर ठेवली. तशी ठेवली नसती तर काय झालं असतं हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

कारण तो वेडा तिचा बाप होता.

एकटा जीव! तीन खोल्यांच्या त्या क्वार्टरमध्ये आई, बाबा, तीन पोरं, शिवाय धाकटा दिवेवाला आणि त्याची बायको. सात माणसं. निवांत शिंकायची सोय नव्हती. आणि उघडानागडा? तिच्या बापाने भर उन्हाळ्यात गळ्याचं बटण सोडलं नाही कधी. आणि जहाज? एक होडीसुद्धा आपटली नव्हती त्या खडकावर.

हे सगळं तोंडावर फेकायला हवं होतं. तिने फेकलं नाही. बापाला वेड्यांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, तिथेच तो गेला तेव्हा अकराची. आठ दिवसांत क्वार्टर खाली करा म्हणून खात्याचा माणूस आला होता. त्यानंतर गावात तिला नाव उरलं नाही. वेड्याची पोरगी. शाळेत, नळावर, लग्न जमवताना, वेड्याची पोरगी. ते पुसायला तिला वीस वर्षं लागली. आता ती टेलरबाई होती. बाहेरच्या ह्या माणसापुढे ते परत कशाला काढायचं?

"माप घ्यायला मी येईन," ती एवढंच म्हणाली.

एकशे बेचाळीस पायऱ्या. आठ वर्षांची असताना ती त्या एका दमात चढायची. आता तीन ठिकाणी थांबावं लागलं. अठ्ठेचाळीस वर्षांत ती इकडे फिरकली नव्हती.

वर दहा-बारा पर्यटक होते आणि मधोमध ती काच. माणसापेक्षा उंच, पितळी चौकटीत बसवलेल्या शेकडो भिंगांची. ऊन त्यात शिरून भिंतीभर रंग सांडत होतं. लहानपणी तिला वाटायचं, जगातल्या सगळ्या घरांत वरच्या मजल्यावर असं काहीतरी असतंच.

मॅनेजर लोकांना माहिती सांगत होता. आणि चांगली सांगत होता, हेच तर झोंबत होतं.

"आधी नुसत्या टेकडीवर लाकडं पेटवायचे," तो म्हणाला. "मग मनोरा बांधून वर कोळसा. मग तेलाचे दिवे, वातीच वाती. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की दिवा मोठा करण्यापेक्षा काच हुशार करा. एवढीशी ज्योत, पण ह्या भिंगांतून गेली की वीस मैल! आणि प्रत्येक लाइटहाऊसची चाल वेगळी. कुणाचे दोन झोत आणि अंधार, कुणाचा एकच लांब. खलाशी नुसता आकडा मोजून सांगायचा, आपण कुठे आहोत." त्याने आवाज खाली आणला. "घर माणूस स्वतःसाठी बांधतो. दुकान स्वतःसाठी. देऊळसुद्धा स्वतःच्याच पुण्यासाठी. ही एकच इमारत आहे, जी कधीच न भेटणाऱ्या माणसासाठी बांधली. म्हणून आपल्याला ती आवडते."

बाबांना हे वाक्य आवडलं असतं. ह्या विचाराने टेलरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं कळतंय ह्या माणसाला, आणि वर तो खेळ लावतो!

"आणि आता गंमत," मॅनेजर म्हणाला. त्याने एका बोटाने काचेला ढकललं. दोन टनांचा तो डोलारा आवाज न करता फिरायला लागला. लोक आ वासून बघत राहिले. "एका बोटाने! कारण खाली पारा आहे. पाऱ्याच्या कुंडावर तरंगतेय ही. अगदी मूळचाच पारा, एक थेंब बदललेला नाही."

खोली उकडत होती. एसी नावाला चालू होता. गॅलरीचं दार बंद, खालच्या हवेच्या झडपा नव्या रंगात चिकटून बसलेल्या.

नट मागच्या कोपऱ्यात चटईवर पडला होता. सगळे त्याला हिरो म्हणायचे. सव्वीस वर्षांचा, काटकुळा, दोन महिने दाढी न केलेला.

"उठ रे बाळा, माप दे."

तो उठला. मान खाली. तिने टेप त्याच्या खांद्यावर धरला, मग हातावर. हात थरथरत होता.

"सरळ धर. आत्ता खेळ नाहीये."

"सरळच धरलाय, मावशी."

"मग हे काय?"

"ते…" तो ओशाळला. "सुरुवातीला मुद्दाम करायचो. आता आपोआप होतं. सर म्हणतात, भूमिका अंगात मुरली."

"किती वेळ असतोस इथे वर?"

"सकाळी दहापासून. जेवायला खाली जात नाही, पायऱ्या कोण चढणार परत? इथेच झोपतो दुपारी." मग एकदम भडकला. "तुम्ही माप घेताय की चौकशी? टेप काढा तो मानेवरून! काढा म्हणतो ना!"

सगळे वळून बघायला लागले. हिरो लाजेने लाल झाला. "माफ करा मावशी. मला कळत नाही काय होतं. माणसं आवाज करायला लागली की असं होतं." त्याने तोंडाला रुमाल लावला. लाळ पुसली. रुमालावर थोडं रक्त होतं. "हिरड्या सुजल्यात. दात हलतायत दोन."

टेलरबाईने टेप गुंडाळला. माप अर्धंच झालं होतं.

तिला बशीवर वाजणारा कप ऐकू येत होता. आई बाबांना अर्धाच कप चहा द्यायची, सांडू नये म्हणून. पाळण्यातलं पोर रडलं तरी बाबा दचकायचा. ज्याने तिला पाटीवर सुबक अक्षर शिकवलं, त्याचंच अक्षर दिव्याच्या वहीत मुंग्या चालल्यासारखं झालं होतं. शेवटच्या वर्षी तो माणसं आली की खोलीत लपायचा. हिरड्यांतून रक्त. रुमाल.

ती खाली कशी उतरली, तिला आठवलं नाही.

धाकटा दिवेवाला आता चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. तिचा काका. रक्ताचा नव्हे, क्वार्टरचा. ओट्यावर बसून तो कोणाचं तरी घड्याळ उघडत होता.

"काका, बाबांना काय झालं होतं?"

"आज कुठून हे मध्येच, पोरी?"

"वर एका पोराचा हात थरथरतोय. हिरड्या सुजल्यात. काय झालं होतं बाबांना?"

काकाच्या हातातला स्क्रू ओट्यावर पडला. त्याने तो शोधला नाही.

"पारा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पाऱ्यावर धूळ बसायची. साय धरायची वर. मग काच जड फिरायची, झोत चुकायचा. म्हणून महिन्याला पारा काढून गाळायचा. कपड्यातून. तुझी आई जुन्या चादरीचे तुकडे द्यायची. कपडा पिळायचा, खाली स्वच्छ पारा, वर घाण. खिडक्या बंद ठेवून, वाऱ्याने धूळ येते म्हणून. चार-चार तास." काकाने चष्मा काढला. "ते काम तो मला करू द्यायचा नाही. म्हणायचा, हे केलं की माझे दात ठणकतात, तुझे कशाला? तुझी बायको पोटुशी आहे, तू खाली जा, वही लिही."

"त्याला माहीत होतं?"

"छे. दात दुखतात एवढंच. वाफ दिसत नाही, वास येत नाही. साहेब आले, त्यांनी लिहिलं, एकटेपणामुळे डोकं फिरलं. सात माणसांच्या घरात एकटेपणा! पण साहेबांना कोण बोलणार?"

"तुम्हाला कधी कळलं?"

काका उठला, आत गेला, पत्र्याच्या डब्यातून एक पिवळा कागद घेऊन आला. खात्याचं परिपत्रक. पारा उघड्या हाताने हाताळू नये. खोली हवेशीर ठेवावी. हातास कंप सुटल्यास, हिरड्या सुजल्यास, स्वभाव चिडका वा भित्रा झाल्यास त्या कर्मचाऱ्यास तत्काळ खाली हलवावे. वर तारीख होती. सदतीस वर्षांपूर्वीची.

टेलरबाईने ती दोनदा वाचली.

"त्या वर्षी माझं लग्न झालं."

"हो."

"त्याआधी तीन ठिकाणी मोडलं. वेड्याचं रक्त आहे म्हणून."

"पोरी…"

"तुम्ही लग्नाला आलात. पोटभर जेवलात. मी वाढलं तुम्हाला, काका, माझ्या हाताने! आणि हा कागद तुमच्या डब्यात होता?"

"मला वाटलं, जमलंय तर जुनं कशाला उकरायचं. आणि खरं सांगू का," काका जमिनीकडे बघत म्हणाला, "भ्यायलो. नोकरीची एकवीस वर्षं बाकी होती. खात्याच्या विरुद्ध तोंड उघडलं असतं तर पोरांना काय खायला घातलं असतं?"

"आई मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत होती. माझ्या बोलण्याने त्यांचं डोकं फिरलं, म्हणायची. एक वाक्य बोलला असतात तर म्हातारी सुखाने गेली असती."

काका ओट्यावर पडलेला स्क्रू चाचपडायला लागला.

"उठा," टेलरबाई म्हणाली.

"कुठे?"

"दिव्यावर. गुडघे दुखतात ते माहितेय मला. तरी उठा."

खालच्या ऑफिसात मॅनेजरने कागद वाचला. उलटा केला, मागे काही आहे का बघितलं. साडेचार वाजून गेले होते, बाहेर पाचच्या खेळाची रांग लागली होती.

"हा सदतीस वर्षं जुना कागद आहे, मॅडम."

"पारा त्याहून जुना आहे, साहेब. एक थेंब बदललेला नाही. तुम्हीच म्हणालात."

"बरोबर, पण… बघा, सीझन संपला की तज्ज्ञ बोलावतो. शब्द देतो. आत्ता पारा काढला तर काच फिरणार नाही. काच फिरली नाही तर लोक कशाला चढतील?"

"आणि तो पोरगा?"

"हिरो? अहो, तो अभिनय करतो! पेपरात फोटो आला त्याचा. आधी हा मुलगा स्टेजवर झाडासारखा उभा राहायचा. आता लोक त्याचा हात बघायला येतात." मॅनेजर मनापासून बोलत होता. त्याला खरंच काही दिसत नव्हतं. "तुम्ही एवढं का मनावर घेताय? तो तुमचा कोण लागतो?"

काकाने टेलरबाईकडे बघितलं. तिने मान फिरवली. बाहेर घंटा वाजली, लोक जिना चढायला लागले, आणि मॅनेजर कागद टेबलावर ठेवून त्यांच्या मागे पळाला.

टेलरबाई दोन मिनिटं त्या टेबलाकडे बघत उभी राहिली. मग तीही चढायला लागली. ह्या वेळी कुठेच थांबली नाही.

वर वीसेक माणसं काचेभोवती गोल उभी होती. मोबाइल वर. काच फिरत होती. काचेच्या मागून हिरो आला, बँडवाल्याच्या कोटात, डोळे तारवटलेले. त्याने हात पुढे केला. हात थरथरत होता, बोटं वेगवेगळी थरथरत होती. "दिवा…" तो पुटपुटला. "दिवा कोणी विझवला?"

टाळ्या पडल्या. "काय करतो यार!" कोणीतरी म्हणालं.

टेलरबाई गर्दीतून पुढे घुसली.

"मी ह्या दिवेवाल्याची मुलगी," ती म्हणाली.

पुन्हा टाळ्या. लोकांना वाटलं, खेळातलीच बाई आहे. एका माणसाने मोबाइल तिच्याकडे वळवला. मॅनेजर पुढे येता येता थबकला. त्याचा चेहरा पडला होता. त्याला आत्ता कळलं होतं.

"टाळ्या नंतर वाजवा!" ती कडाडली. दिवेवाल्याची मुलगी, हे वाक्य ती इतकी वर्षं गिळत आली होती आणि आता ते बाहेर पडल्यावर तिला कसलीच लाज वाटत नव्हती. "माझा बाप एकटा नव्हता. त्याला बायको होती, तीन पोरं होती. त्याने दिवा एक दिवस विझू दिला नाही. वेडाही नव्हता. तुमच्यासमोर हे जे फिरतंय ना, त्याच्या खालच्या पाऱ्याने त्याला खाल्लं, आणि ज्यांनी त्याला इथे बसवलं त्यांनी कागदावर लिहिलं, ह्याचा स्वभावच तसा." ती हिरोकडे वळली. आवाज खाली आला. "बाळा, हात थांबव."

हिरो हसला. भूमिकेतच राहायचं की नाही, त्याला समजेना.

"अभिनय आहे ना? मग थांबव. एवढ्या लोकांसमोर एकदा थांबवून दाखव, मी आत्ता खाली जाते."

हिरोने हात समोर धरला आणि थांबवला. म्हणजे थांबवायला गेला. हात थरथरतच राहिला. त्याने दुसऱ्या हाताने मनगट पकडलं. दुसराही थरथरायला लागला. त्याने दात आवळले, कपाळावर शीर उठली, दोन्ही हात छातीशी घट्ट दाबले, आणि आता त्याचा कोटच हलायला लागला.

कोणी टाळी वाजवली नाही. मोबाइल एकेक करून खाली आले. एका बाईने पोर कडेवर उचललं आणि जिन्याकडे गेली.

"हिरो, बस झालं," मॅनेजर म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "थांबव आता. थांबव रे."

"सर, होत नाहीये," हिरो म्हणाला.

तेवढ्यात जिन्यातून धापा ऐकू आल्या. काका. एकशे बेचाळीस पायऱ्या त्या गुडघ्यांवर. तो कोणाशी एक शब्द बोलला नाही. सरळ भिंतीशी गेला, खाली बसला आणि हातातल्या पान्याने रंगात चिकटलेली झडप ठोकायला लागला. चार घाव, पाच घाव. रंगाचे पापुद्रे उडाले, झडप उघडली, आणि वारा आत शिरला. मग तो गुडघ्यावर सरकत पुढच्या झडपेकडे गेला. लोक बाजूला होऊन त्याला वाट देत होते.

"उभे काय राहिलात?" तो मॅनेजरवर खेकसला. "ते दार उघडा. आणि पोराला खाली न्या आधी."

मॅनेजरने दार उघडलं.

हिरो मात्र खाली जायला तयार नव्हता. पायरीवर बसून तो टेलरबाईवर ओरडला, "तुमचं काय गेलं? आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या! तुम्ही सगळ्यांसमोर माझा तमाशा केलात!"

"केला," टेलरबाई म्हणाली. "ऊठ."

दवाखान्यात तपासण्या व्हायला तीन दिवस लागले. पारा निघाला, रक्तातही, लघवीतही. डॉक्टरीणबाईंनी टेलरबाईला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, कोण किती वेळ वर असायचं, खिडक्या कधीपासून बंद, आणि तिने ते इतक्या चढ्या आवाजात सांगितलं की बाकावरचे पेशंट आपापली दुखणी विसरून ऐकत बसले. वरच्या खोलीला सरकारी कुलूप लागलं. मॅनेजर रोज दवाखान्यात यायचा, फळं आणायचा, आणि टेलरबाई त्याच्याशी बोलायची नाही. एकदाच बोलली. "बाबांच्या नावाचा फलक लावणार आहात ना तिथे? मजकूर मी सांगेन. तुम्ही फक्त लिहून घ्यायचं." त्याने मान हलवली आणि खिशातून पेन काढलं. "आत्ता नाही," ती म्हणाली. "आत्ता माझ्या तोंडून जे निघेल ते दगडावर कोरता येणार नाही."

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर सापडलं. औषधं लागतील, काही महिने जातील, पण हात बहुतेक पूर्वीसारखा होईल.

हिरो बराच वेळ पांघरुणावरच्या हाताकडे बघत होता.

"डॉक्टर," त्याने विचारलं, "बरा झाल्यावर मला तो असा मुद्दाम थरथरवता येईल का? म्हणजे हवा तेव्हा?"

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरावरून मान वर केली. टेलरबाईला मात्र हसू फुटलं, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा, आणि हसता हसताच तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"खुशाल थरथरव. वाटेल ते सोंग कर. राजा हो, चोर हो, वेडासुद्धा हो. तिकीट काढून बघायला येईन. पण माझ्या बापाचं सोंग पुन्हा घेतलंस ना, तर स्टेजवर चढून कान धरून खाली आणेन."

"आणाल तुम्ही," हिरो म्हणाला. "एकदा आणलंतच."